गणित अडतं की शब्द अडतो?

अबोली
नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, आता इथे गोव्यात फोंड्याला इंग्रजीतून शिकते. परवा तिच्या वहीत हे गणित होतं:

२४ − ६ + ४

तिनं उत्तर लिहिलं १४. त्यावर लाल फुली आणि खाली शेरा: ‘गणितात कच्ची’. पोर रडतच घरी आली. मी वही घेऊन बसले, तर मलाही १४च बरोबर वाटलं. आपल्याला लहानपणापासून ‘कंचेभागुबेव’ पाठ आहे ना! कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बेरीज आधी, म्हणून ६ आणि ४ दहा, चोविसातून दहा गेले, राहिले चौदा. मोबाइलवर करून पाहिलं तर २२.

मग आम्हाला शिकवलेला नियमच चुकीचा होता का? आणि दुसरं. जी पोर चौथीत पाढे घडाघडा म्हणायची, ती दोन महिन्यांत कच्ची कशी झाली? मला तर वाटतं, तिचं गणित अडलेलं नाही, शब्द अडलाय. तुमच्यापैकी कुणाचं असं एखाद्या शब्दापाशी अडलं होतं का? सांगा, तिला वाचून दाखवीन.

घुमट
२२ बरोबर. डावीकडून उजवीकडे जायचं. पोरीला म्हणावं रडू नको, आत्ता आमच्या घरात विचारलं तर तिघांनी १४ सांगितलं, त्यात एक इंजिनियर आहे.

निवृत्त_मास्तर
अबोलीताई, नियम खोटा नाही, तो अर्धाच आपल्यापर्यंत पोचला. भागाकार आणि गुणाकार एका पायरीवरचे. बेरीज आणि वजाबाकी त्याखालच्या पायरीवरची. एका पायरीवरच्या दोघांत मोठा-धाकटा नाही, डावीकडून जो आधी भेटेल तो आधी करायचा. पण लक्षात राहावं म्हणून शब्द बनवायचा तर अक्षरं एकामागून एकच लिहावी लागतात. कुणाला तरी पुढे बसवावं लागतं, आणि पोरांना वाटतं पुढे बसला तो मोठा. इंग्रजीतल्या ‘बॉडमास’मध्ये भागाकार आधी येतो, अमेरिकेत ‘पेमडास’ म्हणतात त्यात गुणाकार आधी. त्या क्रमाला खरंच अर्थ असता तर ८ ÷ २ × ४ चं उत्तर इथे १६ आणि तिथे १ आलं असतं. दोन्हीकडे १६च येतं.

डिचोलीला शिकवत होतो तेव्हा मी हे फळ्यावर सांगतच नसे. मुलांना बसमध्ये बसवायचो. फोंड्याहून कदंब सुटली, आत २४ माणसं. मार्दोळला ६ उतरली, बाणस्तारीला ४ चढली. बसमध्ये किती? एकाही पोरानं कधी १४ सांगितलं नाही. मार्दोळला उतरलेल्यांत बाणस्तारीला चढणाऱ्यांना कोण कशाला मिळवील? लेकीला बसमधून नेऊन आणा, बाकी काही करू नका.

आणि तो शेरा मनाला लावून घेऊ नका. तिनं नियम पाळला म्हणून तिचं उत्तर चुकलं. कच्चं मूल नियम पाळत नाही, अंदाजानं काहीतरी लिहून मोकळं होतं.

तेरेखोल
मास्तर, बस मस्तच. पण ‘डावीकडून उजवीकडे’ हीही एक पाठ करायची ओळच झाली. त्यामागचं कारण मुलीला कळू द्या. वजाचं चिन्ह त्याच्या पुढच्या ६ ला चिकटलेलं आहे, ते ४ चं नाही. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त अशा संख्यांना धन आणि ऋण म्हटलं. धन म्हणजे गाठीचे पैसे, ऋण म्हणजे देणं. २४ चं धन, ६ चं ऋण, ४ चं धन. आता हवं त्या क्रमानं मोजा. आधी २४ आणि ४ घ्या, २८, त्यातून ६ गेले, २२. आधी ‘बेरीज’च करायची आहे? करा की. ६ चं देणं आणि ४ ची शिल्लक मिळून २ चं देणं राहिलं, चोविसातून २ गेले, २२. म्हणजे बेरीज आधी केली म्हणून चुकलं नाही. ६ चं देणं असताना ४ ही देण्याच्याच खात्यात टाकले, म्हणून चुकलं.

घुमट
हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर! मग देणं गुणिले देणं धन कसं होतं तेही सांगून टाका. मी आजवर नुसतं मान्य केलंय.

तेरेखोल
महिन्याला ५०० चा हप्ता आहे समज. म्हणजे उणे ५००. सोसायटीनं त्यातले तीन हप्ते काढून टाकले. काढणं म्हणजे उणे ३. उणे ५०० तीनदा निघून गेले, तुझ्याकडे १५०० जास्त उरले की नाही? देणं गेलं की धन.

सुरंगी
मी पाचवी-सहावीला इंग्रजीतून गणित शिकवते, आणि दरवर्षी मराठी-कोकणी शाळांतून मुलं आली की हेच पाहते. अबोलीताई, तुमच्या मुलीची आणखी एक चूक मी न बघता सांगते. ‘सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट’ असं आलं की ती ३ − ८ लिहीत असणार.

मराठीत आपण म्हणतो ‘आठातून तीन वजा करा’. आठ आधी ऐकू येतो, आठच आधी लिहायचा. इंग्रजीत तीन आधी ऐकू येतो आणि नंतर लिहायचा. वजाबाकी तीच आहे, फक्त वाक्य उलट्या पावलांनी चालतं. तसंच ‘सहाचा अर्धा’ आणि ‘हाफ ऑफ सिक्स’. चार वर्षं कानाला एक चाल लागली, ती पाचवीत एका दिवसात उलटली, आणि आपण म्हणतो पोर कच्ची.

शब्दही तसेच. ‘व्हॉट इज द डिफरन्स बिट्वीन एट अँड फाइव्ह?’ असं एकदा विचारलं, मला हवी होती वजाबाकी. एका मुलानं उभं राहून सांगितलं, आठ सम आहे, पाच विषम आहे. मी त्याला खाली बसवलं. संध्याकाळी घरी आल्यावर ध्यानात आलं की त्यानं प्रश्नाचं अगदी चोख उत्तर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याला तसं सांगितलं. त्यानंतर वहीत ‘कच्ची’, ‘कच्चा’ लिहिणं मी सोडलं. आता चूक कुठे झाली त्या पायरीखाली रेघ ओढते, एवढंच.

अबोली
सुरंगीताई, ३ − ८ खरंच आहे हो वहीत! तीन ठिकाणी. मी आत्ता पाहिलं.

मांडवीकाठ
माझं अडलं होतं लसाविपाशी. लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. लघुतम म्हणजे सगळ्यात लहान, महत्तम म्हणजे सगळ्यात मोठा, एवढं कळत होतं. मग १२ आणि १८ चा लसावि ३६ आणि मसावि ६ कसा? लहान तो मोठा आणि मोठा तो लहान! दोन वर्षं मी उत्तरं उलटी लिहिली आणि दोन वर्षं मार खाल्ला.

वाट दाखवली आमच्या आजीनं, ती शाळेत गेलीच नव्हती. अंगणात १२ सुपाऱ्या आणि १८ सुपाऱ्या असे दोन ढीग केले. म्हणाली, दोन्ही ढिगांचे सारखे वाटे कर, एकही सुपारी उरता कामा नये, आणि वाटा जमेल तेवढा मोठा हवा. दोन-दोनचे झाले, तीन-तीनचे झाले, मोठ्यात मोठे सहा-सहाचे झाले. हा मसावि. वाटा ढिगाहून मोठा कसा होईल? मग म्हणाली, एक बाई दर १२ दिवसांनी येते, दुसरी दर १८ दिवसांनी, आज दोघी आल्या, आता पुन्हा एकाच दिवशी कधी येतील? छत्तिसाव्या दिवशी. बहात्तराव्या दिवशीही येतील, पण सगळ्यात आधी छत्तिसाव्या. म्हणून लघुतम. त्या नावातला महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे, विभाज्य की विभाजक. आम्ही घोकला पहिला.

कुळागर
मोठ्या माणसांचं काय घेऊन बसलात, तीही अशीच अडतात. मी जमिनीच्या आखणीची कामं करतो. आपल्या गोव्यात जागा चौरस मीटरमध्ये मोजतात. पण बोलताना सगळे म्हणतात ‘तीनशे मीटर जागा आहे’. चौरस गळूनच जातो. तो गळला की भांडण उभं राहतं. दोन भावांची वाटणी होती. एकाच्या कागदावर ‘१० मीटर चौरस’, दुसऱ्याच्या ‘१० चौरस मीटर’. दोघांना वाटत होतं एकच आहे. पहिल्याची बाजू १० मीटरची, म्हणजे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. दुसऱ्याला मिळाली एका खोलीएवढी जागा. शब्दांची जागा बदलली आणि दहापट फरक पडला. मी काठ्या पुरून सुतळी बांधून दाखवली तेव्हा कुठे पटलं.

लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट केली की जागा दुप्पट होते असं समजणारेही रोज भेटतात. चौपट होते हो. कुंपण तेवढं दुप्पट लागतं.

दूधसागर
सगळं वाचलं. पण मला वाटतं मूळ रोग घोकंपट्टीचा आहे. कंचेभागुबेव, पाढे, पावकी-निमकी, सगळं पाठ करायचं, समजून काहीच घ्यायचं नाही. आणि आपले अंक तर विचारूच नका. पंचवीस म्हणायचं, ऐकू येतो आधी पाच, आणि लिहायचे मात्र आधी दोन. माझा मुलगा वर्षभर ५२ लिहीत होता. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायला दिलं तेव्हा केवढी ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कळकळीनं सांगत होत्या की मुलांचा जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास कमी व्हावा म्हणून हे आहे. लोकांनी थट्टाच केली.

मांडवीकाठ
त्रास होतो हे खरं, पण त्यावर एकवीस टाकून ‘वीस एक’ आणणं मला पटत नाही. एकोणतीस हा शब्दच बघा की. एक ऊन तीस, तिसाला एक कमी. त्या शब्दात वजाबाकी बसलेली आहे! मूल २९ म्हणताना तीस डोळ्यासमोर आणतं. दुकानात २९ चं काही घेतलं आणि तीस दिले तर किती परत, हे तो शब्दच सांगतो.

दूधसागर
हे तुम्हाला कळतं, कारण कुणीतरी फोड करून सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला ‘एकोण’ म्हणजे काय हे कुणी सांगतं का? आणि मग नव्याण्णवचं काय? एकोणऐंशी आहे, एकोणनव्वद आहे, पण एकोणशंभर नाही. तिथे सरळ नऊ आणि नव्वद.

निवृत्त_मास्तर
दूधसागर, तुमचा मुद्दा रास्त आहे, मार्ग निराळा असू शकतो. दुसरीच्या वर्गात मी काड्यांच्या जुड्या बांधायला लावायचो. दोन जुड्या वीस, पाच सुट्या. जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. तोंडानं ‘पंचवीस’ म्हणायचं आणि हातानं जुड्या आधी उचलायच्या. महिनाभरात ५२ लिहिणारी मुलं २५ लिहायला लागत. दोन्ही नावं शेजारी ठेवली तरी काही बिघडत नाही. ओरड करणाऱ्यांनी पुस्तक उघडून पाहिलं असतं तर तिथे एकवीसही दिसलं असतं.

पाढ्यांविषयी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बे दुणे चार पाठ असलं की डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं. पाठांतर आधी की समज आधी, हा वाद मी पस्तीस वर्षं ऐकला. माझ्या वर्गात दोन्ही एकाच बाकावर बसायची.

आल्तिनो_८०
माझं वय ऐंशीच्या पुढे. गोवा मुक्तीपूर्वी मी पणजीत आल्तिनोवरच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत होतो, आणि घरी शेणैमाम मराठी शिकवायला येत. पोर्तुगीजमध्ये पंचवीस म्हणताना वीस आधी, पाच मागून. घरी पाच आधी, वीस मागून. दोन्ही चाली आमच्या डोक्यात सुखानं नांदत होत्या, तेव्हा मुलांना दोन भाषा झेपत नाहीत हे मी मानणार नाही.

मी अडलो स्वल्पविरामापाशी. पोर्तुगीज लिहिताना दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो. २,५ म्हणजे अडीच. मुक्तीनंतर इंग्रजी शाळेत गेलो. फळ्यावर होतं २,५०० रुपये. मी मोठ्यानं वाचलं, अडीच रुपये! वर्ग हसला. मास्तर भले गृहस्थ. त्यांनी मला उठवून लिसेंवात कसं लिहितात ते फळ्यावर लिहायला लावलं आणि साऱ्या वर्गाला सांगितलं, हा चुकला नाही, हा दुसऱ्या गावाहून आलाय. त्या एका वाक्यावर मी पुढे हिशेबाच्याच कामात आयुष्य काढलं.

आणखी एक सांगतो. बातम्यांत बिलियन येतं. इंग्रजीत ते शंभर कोटी, आपलं एक अब्ज. पोर्तुगालात ‘बिलियांव’ म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, आपले एक लाख कोटी. लिस्बनहून भाच्याचं पत्र आलं की मी अजून विचारतो, तुझा बिलियांव कुठला बाबा?

अबोली
काका, हे लेकीला वाचून दाखवलं. ‘दुसऱ्या गावाहून आलाय’ हे तिनं पुन्हा वाचायला लावलं.

घुमट
शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून. नववीत धड्याचं नाव होतं ‘करणी’. आजीनं पुस्तक उघडून पाहिलं आणि देवापुढे दिवा लावला. शाळेत पोरांना करणी शिकवतात म्हणून! पूर्ण सुटत नाहीत अशा वर्गमुळांना करणी म्हणतात हे तिला सांगताना माझाच धडा पक्का झाला.

आणि त्रिज्येत तीन काय आहेत? वर्तुळात तर तीन ज्या कुठे दिसत नाहीत.

तेरेखोल
तीन ज्या नव्हेत, तीन राशींची ज्या. वर्तुळाच्या बारा राशी, एक रास ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपले ज्योतिर्गणिती अर्धी दोरी धरून कोष्टकं करत. ९० अंशांची अर्धी दोरी वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी भरते, म्हणून ती त्रिज्या. हीच ज्या, तिला जीवाही म्हणतात, अरबीत गेली, तिथे तिचा उच्चार बदलून ‘जैब’ वाचला गेला, म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं ‘सायनस’, आणि तेच आज पोरांच्या कॅल्क्युलेटरवर साइन म्हणून बसलंय. शब्द चुकीचा वाचला गेला तरी गणित शाबूत राहिलं.

मांडवीकाठ
व्वा! हे माहीत नव्हतं. मला नेहमी सांगितलं गेलं की भाषेत रमणारं मूल गणितात मागेच राहणार.

निवृत्त_मास्तर
असं कोण म्हणतं? दामोदर कोसंबी आपल्या कोसबेचे, जन्म १९०७ चा. गणिती माणूस. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली, आणि जुनी नाणी तराजूत घालून त्यांच्या झिजेवरून इतिहासही त्यांनीच वाचला. भाषा आणि गणित एकाच माणसाच्या घरात राहत होती.

अबोली
मंडळी, आज रविवार होता. जेवणानंतर आम्ही ओट्यावर बसलो. चिंचोके घेतले, २४ मोजले, मास्तरांची बस केली. मार्दोळला ६ उतरवले, बाणस्तारीला ४ चढवले. ती गप्प बसली, मग म्हणाली, “आई, चढणाऱ्यांनाही मी उतरवूनच टाकलं होतं!” मी काहीही सांगितलं नव्हतं. वही आणून तिनं स्वतःच १४ खोडून २२ लिहिले. ३ − ८ ची तिन्ही गणितं मराठीत म्हणून पाहिली आणि दुरुस्त केली.

पण आता तिचा प्रश्न आहे, आणि मला उत्तर येत नाही. कंचेभागुबेवमधला ‘चे’ कोण? तो तर गुणाकारच ना, मग वेगळा कशाला?

निवृत्त_मास्तर
शाब्बास! तिला हे द्या. १२ ÷ ६ चा १/२. ‘सहाचा अर्धा’ हे एक गाठोडं आहे, ‘चा’नं बांधलेलं. आधी ते सोडायचं, ३ मिळतात, मग १२ ÷ ३ = ४. आता ‘चा’ काढून तिथे × लिहा, १२ ÷ ६ × १/२. गाठोडं सुटलं, डावीकडून चालायचं, २ चा अर्धा, उत्तर १. काम दोन्हीकडे गुणाकाराचंच, पण ‘चा’ दोघांना जवळ बांधून ठेवतो. आपण ‘माझ्या मामाचं घर’ म्हणतो तेव्हा मामा आणि घर वेगळे काढतो का?

अबोली
तिनं दोन्ही सोडवली, ४ आणि १. आणि धाग्यावरच्या सगळ्यांना तिच्याकडून एक गणित आहे, मोबाइल वापरायचा नाही असं बजावलंय:

३० − १२ ÷ ३ × २ + ५

घुमट
१७.

घुमट
थांबा थांबा. २७. ते पाच जण आत्ता चढलेत.